अमेरिकेतल्या हायस्कूलचे डान्स आणि क्लब : मराठी आईबाबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या गणपतीला आरती आटोपली, की प्रसादाच्या रांगेत दरवर्षी कुणी ना कुणी मला बाजूला घेतं. "अगं, पोरगी होमकमिंगला जायचं म्हणतेय. काय असतं हे? पाठवू का?" माझी दोन्ही मुलं कॅलिफोर्नियातल्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकली. लेकीच्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्याचा त्रास तिला झाला. लेकाच्या वेळी मी नियमांचे कागद आधी वाचले. खालची उत्तरं त्या दोन्ही अनुभवांतून आली आहेत. शाळेशाळेत नियम बदलतात, म्हणून तुमच्या शाळेचं हँडबुक एकदा मुलांसोबत बसून वाचाच.

हे 'डान्स' म्हणजे स्नेहसंमेलनासारखं काही असतं का?

नाही. स्नेहसंमेलनात मुलं स्टेजवर नाचतात आणि आपण खुर्च्यांवर बसून बघतो. इथे स्टेज नसतं, प्रेक्षकही नसतात. शाळेचं जिम किंवा कॅफेटेरिया सजवतात, डीजे बोलावतात, आणि मुलं दोन-तीन तास एकमेकांत नाचतात, उड्या मारतात, फोटो काढतात, कोपऱ्यात घोळका करून गप्पा मारतात. संगीत इतकं मोठं असतं की गप्पा म्हणजे एकमेकांच्या कानात ओरडणं.

वर्षात साधारण तीन-चार डान्स होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होमकमिंग. जुने विद्यार्थी आपल्या शाळेत परत येतात, तो हा सोहळा, म्हणून हे नाव. आठवडाभर रोज वेगळ्या वेशभूषेचे दिवस, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना आणि शनिवारी डान्स, असा बहुतेक ठिकाणचा क्रम. हिवाळ्यात विंटर फॉर्मल. काही शाळांत 'सेडी हॉकिन्स' नावाचा डान्स असतो. १९३७ सालच्या एका वर्तमानपत्री चित्रमालिकेतल्या पात्रावरून ते नाव पडलं, आणि त्यात मुलींनी मुलांना "माझ्यासोबत येशील का?" असं विचारायचं अशी रीत आहे. एप्रिल-मेमध्ये प्रॉम. तो ज्युनियर आणि सीनियर, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांचा. बऱ्याचदा तो शाळेबाहेर एखाद्या हॉटेलात किंवा हॉलमध्ये होतो आणि बाकीच्यांपेक्षा बराच महाग असतो.

नववीतल्या मुलीला पाठवावं का? वय लहान नाही का?

माझं उत्तर : पाठवावं.

लेक नववीत होती तेव्हा मी "नाही" म्हटलं. कारण विचारलं तर माझ्याकडे धड कारणही नव्हतं. रात्र, अंधारी जागा, मुलं-मुली एकत्र, एवढंच डोक्यात होतं. त्याच संध्याकाळी आमच्याकडे गरबा होता, म्हणून तिला तिकडे घेऊन गेले. ती घागरा घालून भिंतीला टेकून उभी राहिली आणि फोनवर मैत्रिणींचे फोटो एकेक करून बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. सोमवारी शाळेत सगळ्या मुली त्याच रात्रीबद्दल बोलत होत्या आणि तिच्याकडे बोलायला काही नव्हतं, हे मला तिने दोन वर्षांनी सांगितलं. नव्या शाळेत ओळखी जमायच्या त्या पहिल्या दोन महिन्यांत मी तिला बाजूला ठेवलं होतं.

नववीचा होमकमिंग खरं तर सगळ्यांत सोपा डान्स. शाळेच्याच आवारात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, रात्री दहा-साडेदहाला संपणारा. मुलांना अजून गाडी चालवता येत नाही, म्हणजे नेणं-आणणं तुमच्याच हातात. सुरुवात इथूनच केलेली बरी. तीन वर्षं नाही म्हणून एकदम प्रॉमला पाठवलं तर त्या मुलाला गर्दीत कसं वागायचं, नको असेल तेव्हा "नको" कसं म्हणायचं, याचा सराव कुठे झालेला असतो?

जोडीदार असावाच लागतो का?

मुळीच नाही. बहुतेक मुलं सहा-आठ जणांच्या गटाने जातात. आधी कुणाच्या तरी अंगणात फोटो, मग एकत्र जेवण, मग डान्स.

तरी विचारण्याची एक प्रथा आहे. पोस्टर रंगवायचं, त्यावर काहीतरी शब्दांची कोटी लिहायची, फुलं नाहीतर डोनट घेऊन सगळ्यांसमोर विचारायचं. प्रॉमसाठी याला 'प्रॉमपोझल' म्हणतात. पहिल्यांदा हे बघून आपल्या पोटात गोळा येतो. पण "हो" म्हणजे त्या एका रात्रीसाठी हो. कित्येक जोड्या फक्त मित्रमैत्रिणी असतात. तुमच्या मुलाला विचारायचं असेल तर त्याला एवढं जरूर सांगा, की शंभर जणांसमोर विचारलं की समोरच्याला "नाही" म्हणणं अवघड होतं. आधी खासगीत अंदाज घ्यावा, पोस्टर नंतर.

मुलगा मुलासोबत किंवा मुलगी मुलीसोबत जाऊ शकते का, हेही मला विचारलं गेलंय, दबक्या आवाजात. जाऊ शकते. १९८० साली ऱ्होड आयलंडमधल्या ॲरन फ्रिक या विद्यार्थ्याने मित्राला प्रॉमला नेण्यासाठी शाळेविरुद्ध खटला भरला. फेडरल न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि तो गेलाही. आपल्या घरातलं मूल हा प्रश्न विचारत असेल, तर त्याने तो आधी आपल्याला विचारलाय याचं मोल मोठं आहे.

दारावर कोणते नियम असतात?

इथे मुलांपेक्षा पालक जास्त अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळेचं ओळखपत्र लागतं. फोनमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. तिकिटं आधीच विकतात. बऱ्याच शाळांत दारावर मिळत नाहीत, मिळाली तर महाग असतात. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत. ग्रंथालयाचं पुस्तक हरवलंय, खेळाचा गणवेश परत केलेला नाही, उशिरा येण्याबद्दलची शिक्षा भोगून झालेली नाही, असं काही थकलेलं असेल तर अनेक शाळा तिकीटच विकत नाहीत. ही थकबाकी शेवटच्या दिवशी कळते आणि घरात रडारड होते. तिकीटविक्री सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मुलाला ऑफिसात जाऊन विचारायला सांगा.

आत शिरायला ठरावीक वेळेनंतर बंदी असते. एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. काही शाळा लवकर निघू देत नाहीत, किंवा निघताना घरी फोन करतात. पिशव्या तपासतात, पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला लावतात. कुठे कुठे श्वासाची चाचणीही घेतात. दारू, व्हेप किंवा अमली पदार्थ सापडले तर घरी फोन, निलंबन आणि पुढच्या डान्सना बंदी, असा क्रम ठरलेला असतो. डान्स शाळेबाहेर असला तरी शाळेचेच नियम लागू होतात, हे मुलांच्या लक्षात राहत नाही.

भारतातून आलेल्या चुलतभावाला किंवा दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीला नेता येईल का?

येईल, पण पाहुण्यांचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याची मुदत तिकिटांच्या मुदतीच्या आधी संपते. त्यावर पाहुण्याची माहिती, त्याच्या पालकांची सही, आणि तो दुसऱ्या हायस्कूलमध्ये असेल तर तिथल्या प्रशासनाची सही लागते. मिडल स्कूलची मुलं चालत नाहीत. वरची मर्यादा बहुधा २० वर्षांची, म्हणजे २१ पूर्ण झालेला पाहुणा नको. एका विद्यार्थ्यामागे एकच पाहुणा. आणि पाहुण्याने काही गोंधळ केला तर जबाबदारी नेणाऱ्याची.

आमच्याकडे माझा भाचा पुण्याहून आला होता. त्याच्या कॉलेजची सही आणायची कुठून, यात चार दिवस गेले आणि मुदत टळली. लेकाने उपप्राचार्यांना आधीच जाऊन विचारलं असतं तर पासपोर्ट आणि पालकांचं पत्र यावर काम झालं असतं, हे नंतर कळलं. फॉर्ममध्ये न बसणारी परिस्थिती असेल तर माणसाशी बोला.

कपड्यांचं काय? साडी किंवा लेहंगा चालतो का?

चालतो, आणि फार सुंदर दिसतो. माझ्या लेकीने सीनियर प्रॉमला आजीची नारायणपेठ नेसली. दोन सूचना : निऱ्या आणि पदर भरपूर पिना लावून पक्के करा, कारण तीन तास उड्या मारायच्या असतात. आणि चप्पल सपाट द्या. बहुतेक मुली तासाभरात उंच टाचा काढून अनवाणी नाचतात.

होमकमिंगला साधारण आखूड ड्रेस आणि शर्ट-टाय, प्रॉमला लांब गाऊन आणि सूट किंवा टक्सिडो. शाळेचे कपड्यांचे नियम डान्ससाठी थोडे सैल होतात, पण लेखी असतात. खूप महागडी खरेदी केल्यावर दारावर अडवणूक नको, म्हणून आधी वाचा. मुली मनगटावर फुलांचा छोटा गुच्छ बांधतात, त्याला कॉरसाज म्हणतात. मुलांच्या कोटाला लावायचं फूल म्हणजे बूटोनियर. दोन्ही आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवायची. टेक्सासमध्ये होमकमिंगला शेवंतीच्या आकाराची प्रचंड मोठी रिबिनींची सजावट छातीवर मिरवतात, तिला नुसतं 'मम' म्हणतात. तिथे नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना तो शब्द ऐकून काही बोध होत नाही, म्हणून सांगून ठेवते.

नाचण्यावरही नियम असतात?

असतात. अंगाला अंग घासून नाचणं, धक्काबुक्की, कुणाला डोक्यावर उचलून गर्दीवरून सरकवणं, हे बहुतेक शाळांत मना असतं. एकदा समज देतात, दुसऱ्यांदा बाहेर काढतात. मुलीला कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर जवळच्या शिक्षकाकडे सरळ जायचं, हे घरी स्पष्ट शब्दांत बोलून ठेवा. मुलांशीही तेवढ्याच स्पष्टपणे बोला. हा विषय टाळला जातो आणि टाळू नये.

डान्स संपल्यावरच्या पार्ट्यांचं काय करायचं?

मला खरी काळजी डान्सची वाटत नाही, त्यानंतरच्या दोन तासांची वाटते. शाळेच्या आवारात पंधरा मोठी माणसं लक्ष ठेवून असतात. नंतर कुणाच्या घरी जमतात तिथे कोण असतं?

ज्या घरी जाणार त्या घरच्या आईला किंवा वडिलांना मी स्वतः फोन करायचे. "तुम्ही घरी असाल ना? घरात पेयं काय असतील?" एवढे दोनच प्रश्न. अमेरिकेत दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे. "माझ्या देखरेखीत थोडी घेऊ दे" असं म्हणणारे पालक भेटतात. तिथे पाठवायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

गाडीचा नियम तर आपल्यापैकी अनेकांना माहीतच नसतो. कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या मुलाला परवाना मिळाला की पहिले बारा महिने रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही, आणि २५ किंवा त्याहून जास्त वयाचा परवानाधारक सोबत नसेल तर २० वर्षांखालचे प्रवासी बसवता येत नाहीत. म्हणजे डान्स संपल्यावर सोळा वर्षांच्या मित्राने चौघांना घरी सोडणं हे बहुधा बेकायदेशीरच ठरतं. इतर राज्यांतही अशाच धर्तीचे नियम आहेत, तास आणि वय वेगळं. आम्ही चार घरांनी पाळ्या लावल्या होत्या, एक जण नेणार, एक जण आणणार.

आणि एक करार. "कुठूनही, कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही." लेकाने हा फोन एकदा केला. मी गेले, गाडीत गप्प बसले. बोलणं दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, जेवण झाल्यावर, शांतपणे.

त्याच रात्री गरबा किंवा मंडळाचा कार्यक्रम असेल तर?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे होणारच. शाळेचं कॅलेंडर उन्हाळ्यातच लागतं, ते मंडळाच्या समितीला दाखवा. आम्ही एका वर्षी मुलांच्या नाटकाचा प्रयोग शनिवारवरून रविवारी दुपारी नेला, तर नववी-दहावीची सगळी मुलं आली.

आता क्लबांकडे. मुलाला कुठला क्लब आहे हे कळणार कसं?

शाळा सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत जेवणाच्या सुट्टीत मैदानावर टेबलं मांडून प्रत्येक क्लब आपापली जाहिरात करतो. आमच्याकडे त्याला 'क्लब रश' म्हणत. मोठ्या शाळेत पन्नासच्या वर टेबलं असू शकतात. मुलं पहिल्या दिवशी पंधरा ठिकाणी नाव नोंदवून येतात. काळजी करू नका, महिन्याभरात दोन-तीनच उरतात, आणि तेच बरोबर. तो दिवस चुकला तरी क्लबच्या सभेला कधीही जाऊन बसता येतं.

कोणते क्लब चांगले?

प्रश्न असा विचारला की मला थोडं वाईट वाटतं, पण आईबापांची तगमग मी समजू शकते. म्हणून देशभर सगळीकडे दिसणारे काही सांगते.

सेवेची आवड असेल तर 'की क्लब' (Key Club), हा १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये सुरू झाला. किंवा रोटरीचा इंटरॅक्ट. धंदा-व्यवहाराची गोडी असेल तर डेका आणि एफबीएलए. डेकाच्या स्पर्धेत मुलाला एक प्रसंग देतात, थोडा वेळ विचार करायला मिळतो आणि मग परीक्षकासमोर उभं राहून उत्तर द्यायचं असतं. माझी अबोल लेक याच खोलीत बोलकी झाली. डॉक्टरकीकडे ओढा असणाऱ्यांना होसा. रोबोटिक्स हा वेळ खाणारा प्रकार. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' संस्थेच्या स्पर्धेचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि त्या दिवसांत मूल घरी फक्त झोपायला येतं. पण तिथे वेल्डिंग करणारे, कोड लिहिणारे, हिशेब ठेवणारे, पत्रकं काढणारे, सगळे लागतात, म्हणून "त्याला गणित जमत नाही" हे कारण पुरत नाही. वादविवाद, मॉडेल युनायटेड नेशन्स, सायन्स ऑलिम्पियाड हे आपल्या मुलांत लोकप्रिय आहेतच.

नॅशनल ऑनर सोसायटी याहून वेगळी. तिथे नाव नोंदवून चालत नाही, निवड होते. मुलांनी दहावीत तरी असावं लागतं, आणि गुणांसोबत सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे निकष असतात.

कॉलेज प्रवेशासाठी किती क्लब हवेत?

अनेक कॉलेजांना एकच चालणाऱ्या 'कॉमन ॲप' या प्रवेश अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं. एवढ्याशा जागेत "सभासद होतो" लिहिलं की संपलं. "चाळीस मुलांना कॅरम शिकवला, वृद्धाश्रमात दर महिन्याला सामने घेतले" असं लिहायला मात्र काहीतरी केलेलं असावं लागतं. दहाही जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. घरी धाकट्या भावंडाला सांभाळणं, आजीला दवाखान्यात नेणं, मराठी शाळेत शिकवणं, हेही त्यात लिहिता येतं आणि लिहावं.

मुलाला नवा क्लब काढायचा आहे. काय लागतं?

एक शिक्षक जो सल्लागार व्हायला तयार आहे, ठरावीक सह्या, आणि एक छोटी घटना, म्हणजे क्लबचा उद्देश, पदाधिकारी कसे निवडणार, सभा केव्हा. कॅलिफोर्नियात हे सगळं शाळेच्या विद्यार्थी संघटनेकडे, ज्याला सगळे एएसबी म्हणतात, तिथून मंजूर होतं. पैसे गोळा केले तर ते मुलाच्या किंवा आईच्या खात्यात ठेवायचे नसतात. ते संघटनेकडे जमा होतात आणि खर्चासाठी सभेच्या नोंदी लागतात. हा नियम मोडल्यामुळे क्लब बंद पडलेले मी पाहिलेत.

लेकाने दहावीत कॅरम क्लब काढला. मंडळाच्या कपाटात पडलेले दोन बोर्ड मागून आणले, पावडरचा डबा पुण्याहून आला. रसायनशास्त्राच्या शिक्षिका सल्लागार झाल्या, त्यांना स्ट्रायकरचा कोन फार आवडला. पहिल्या सभेला सहा मुलं होती. त्यातली चार मेक्सिकन आणि व्हिएतनामी घरांतली, ज्यांनी बोर्ड पहिल्यांदाच पाहिला होता.

हिंदू विद्यार्थ्यांचा क्लब काढता येतो का? शाळा नाही म्हणू शकते का?

१९८४ चा समान प्रवेश कायदा इथे कामी येतो. फेडरल निधी घेणाऱ्या सरकारी हायस्कूलने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एक जरी क्लब चालू दिला, तर दुसऱ्याला त्याच्या धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक आशयामुळे नाकारता येत नाही. नेब्रास्कातल्या ओमाहा इथल्या एका विद्यार्थिनीला ख्रिस्ती क्लब काढू दिला नव्हता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी ती जिंकली. त्याच कायद्याखाली हिंदू, मुस्लिम, शीख, नास्तिक आणि समलिंगी विद्यार्थ्यांचे क्लब चालतात. सॉल्ट लेक सिटीच्या शाळांनी १९९६ मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांचा क्लब टाळण्यासाठी अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले होते. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, नाहीतर सगळ्यांना बंद.

अट महत्त्वाची आहे : क्लब मुलांनी सुरू केलेला आणि मुलांनी चालवलेला हवा. धार्मिक क्लबात शिक्षक हजर राहू शकतो, भाग घेऊ शकत नाही. आणि बाहेरच्या माणसाला तो चालवता येत नाही, नियमित येऊन बसताही येत नाही. आपल्याकडच्या उत्साही काकांना हे प्रेमाने सांगावं लागतं.

क्लबला पैसे लागतात का? आमची ऐपत नसेल तर?

कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की सरकारी शाळा अभ्यासेतर उपक्रमांत भाग घेण्यासाठीही शुल्क घेऊ शकत नाही. "देणगी" म्हणून जी रक्कम मागतात ती खरोखर ऐच्छिक असते. डान्सचं तिकीट मात्र विकता येतं. इतर राज्यांत वेगळं आहे, तिथे शुल्क असतं. पण कुठेही असाल तरी काउन्सेलरला विचारा. मदत असते आणि ती गुपचूप मिळते. लाजू नका.

आम्ही एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर आहोत. मुलांना क्लबमध्ये भाग घेता येतो का?

येतो. नोकरी करून पगार घेता येत नाही, पण क्लब, स्पर्धा, स्वयंसेवा सगळं खुलं असतं. उन्हाळ्यात बाकीची मुलं आइस्क्रीमच्या दुकानात कमावतात तेव्हा आपल्या मुलाला वाईट वाटतं. लेकालाही वाटायचं. त्या उन्हाळ्यात त्याने वाचनालयात लहान मुलांना कॅरम शिकवला.

पालक म्हणून डान्सला आत जाता येतं का?

मदतनीस म्हणून येतं, त्याला शॅपरोन म्हणतात. अनेक ठिकाणी त्यासाठी बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची चाचणी लागते आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून ऑगस्टमध्येच करून टाका. मुलाला आधी विचारा. माझ्या लेकाची अट होती, की मी पाण्याच्या टेबलावर थांबेन आणि नाचणाऱ्यांच्या दिशेने येणार नाही. मी ती पाळली. रात्री साडेनऊच्या सुमारास तो घामाघूम होऊन आला, दोन ग्लास पाणी प्यायला, "आई, तुला बसायला खुर्ची दिली नाही का यांनी?" म्हणाला, कुठून तरी एक खुर्ची ओढून आणून दिली आणि पळाला.